थंड पाण्याच्या पत्रकातली गाळलेली ओळ

तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क माणसाने आज सकाळी कसल्या पाण्याने आंघोळ केली, हे तुम्हाला सांगता येईल? अंदाज नको. नक्की सांगता येईल?

मला एका हिवाळ्यात सांगता आलं नव्हतं. आणि मी तर आंघोळ याच विषयावर पत्रक छापून वाटणारा माणूस होतो.

परवापासून पुन्हा थंडी पडली आहे. विरारच्या या नव्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. रात्रभर समुद्रावरचा वारा गच्चीवरच्या टाकीला घासत असतो आणि सकाळी नळाला जे पाणी येतं ते हाडाला विचारून मगच खाली पडतं. मी त्याच पाण्याने आंघोळ करतो. शेजारची बिऱ्हाडं स्टोव्ह पेटवतात, भिंतीपलीकडून रॉकेलचा वास येतो, पातेल्याचं झाकण खडखडतं. माझ्या मोरीत फक्त बादली आणि तांब्या. पहिला तांब्या उजव्या खांद्यावर, दुसरा डाव्या, तिसरा छातीवर. बारा तांबे होतात आणि मी थांबतो. पाठ कोरडीच राहते. स्वतःच्या पाठीच्या मधल्या वितीवर पाणी नीट पोचत नाही, हे एकटं राहायला लागल्यावर कळतं.

मी पत्रकांवर वाढलो. आई मी चार वर्षांचा असताना गेली. घरात अण्णा आणि मी, म्हणजे वडील आणि मी, आणि पत्र्याची एक ट्रंक. इतर मुलं खाऊच्या कागदावरची अक्षरं जुळवत शिकली, मी त्या ट्रंकेतल्या पत्रकांवर शिकलो. दारू सोडा, सूत काता, शौचास खड्डा करा, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जाऊ नका. अण्णांनी तरुणपणी ती सगळी गावोगाव वाटली होती आणि प्रत्येकाची एक प्रत जपून ठेवली होती. त्यांत एक आठ पानी पातळ पुस्तिका होती, थंड पाण्याच्या स्नानाची. कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिरात मिळालेली. तिच्यात बारा फायदे होते. ते बारा फायदे आमच्या घरातली रोजची प्रार्थना होती.

बोळिंजला आमची वाडी. केळी, पानवेली, कडेला अबोली. मधोमध विहीर आणि विहिरीवर रहाट. उजाडता उजाडता धाकू रेड्याला जुंपायचा. धाकू मूळचा चांदीपचा, वाडीतच खोपीत राहायचा. अण्णांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा होता आणि घरातल्यासारखा होता. रेडा गोल फिरू लागला की रहाट कुरकुरायचा, मडकी एकामागून एक वर येऊन पन्हळीत पाणी ओतायची, आणि पन्हळीच्या तोंडाशी आम्ही उघड्या अंगाने उभे. अण्णा, मी, आणि कुंपणापलीकडचे पास्कूकाका. त्यांची स्वतःची विहीर होती, पण आंघोळीला ते आमच्याकडेच यायचे. गप्पांशिवाय पाणी अंगाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा तांब्यागणिक एक फायदा म्हणत. "झोप उडते." तांब्या. "आळस जातो." तांब्या. "कातडी तुकतुकीत राहते." तांब्या. "सर्दीपडसं उंबरठ्याबाहेर राहतं." भूक लागते, रक्त खेळतं, डोकं थंड राहतं, असं करत करत बारावा यायचा आणि तिथे अण्णांचा आवाज जरा चढायचा: "मनुष्य आपल्या शब्दाचा मालक होतो!"

"आणि ह्या पोटाचं काय?" पास्कूकाका आपल्या पोटावर थाप मारून विचारायचे. त्यांच्या घरच्या बोलीत ते फार झणझणीत वाटायचं, मी इथे सरळ करून लिहितो. "वीस वर्षं तुमचे बारा फायदे अंगावर घेतोय, पोट आहे तिथेच. तेरावा फायदा काढा अण्णा, पोटासाठी."

तेरावा होता. पण तो पुस्तिकेत नव्हता. बारा तांबे झाले की अण्णा तेरावा भरायचे आणि काही न बोलता माझ्या पाठीवर ओतायचे. मग अंगठ्याने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मळ काढायचे. तेवढ्यात चर्चची घंटा व्हायची, पास्कूकाका "मिस्सा चुकली तर बायको घरात घेणार नाही" म्हणत ओल्या पंच्यानिशी पळायचे, आणि दिवस सुरू व्हायचा.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं. विहिरीतून नुकतंच वर आलेलं पाणी थंडीच्या दिवसांत गार नसतं. बाहेर दात वाजत असतात आणि पन्हळीतून वाफ निघत असते. जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन ते वर येतं. आमचं ते कठोर व्रत खरं तर कोमट होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं. अण्णांना ठाऊक होतं. धाकूला तर होतंच.

मी एकोणीस वर्षांचा झालो त्या वर्षी दिवाळीआधी वाडीतल्या विहिरीवर विजेची मोटार बसली. रेडा म्हातारा झाला होता. विहिरीच्या काठाला सिमेंटची उघडी टाकी बांधली. धाकू संध्याकाळी खटका दाबून ती भरून ठेवायचा, कारण पहाटे वीज असेलच असं नाही. रात्रभर टाकी उघड्या आभाळाखाली. पहिल्याच थंडीत पास्कूकाकांनी त्या पाण्यात बोट बुडवलं आणि बाहेर काढून निरखून पाहिलं.

"विनू, हे पाणी आहे की फादरचं प्रवचन? नुसतं लागलं तर सगळी पापं आठवली."

मला मात्र आनंद झाला. मला वाटलं, आता खरं व्रत सुरू झालं. इतकी वर्षं आम्ही स्वतःला फसवत होतो. मार्गशीर्षात मी स्टेशनजवळच्या छापखान्यात गेलो. बारा फायदे मी लिहूनच नेले होते. वर मथळा: "बंब विझवा! थंड पाणी घ्या!" जंगलातलं लाकूड बंबात जाळणं हा श्रीमंती माज आहे, अशी चार वाक्यं माझी. आणि सगळ्यांत खाली, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची एक ओळ.

जुळारी वयस्क होता, चष्मा कपाळावर. अक्षरांचे खिळे लावता लावता थांबला.

"मथळा फार मोठ्या टायपात घेतलाय तू. खालची ओळ बसत नाही. मथळा बारीक करू की ओळ उडवू?"

"ओळ उडवा."

"वाचून तरी बघ काय आहे ती."

"पाठ आहे मला. उडवा. पत्रकात 'पण' असला की लोक तेवढाच 'पण' घेऊन घरी जातात."

त्याने खांदे उडवले. मला माझं वाक्य इतकं आवडलं की घरी येईपर्यंत मी ते तीन वेळा मनात म्हटलं.

पाचशे प्रती, गुलाबी कागद. मी पहिली प्रत अण्णांना दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली. पुन्हा पुढची बाजू, पुन्हा खालचा काठ. "कागद बरा आहे," म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

शाळेबाहेर, बाजारात, चर्चच्या फाटकाशी, जूचंद्रच्या मिठागरांपर्यंत सायकलने जाऊन मी चारशेच्या वर प्रती वाटल्या. जूचंद्रला मिठात राबून पायांना चिरा पडलेल्या एका बाईने कागद उलटसुलट करून विचारलं, "थंड पानी ठीक हाय रं बाबा, पन गोडं पानी कंचं? अंगाचं मीठ धुवाला हंडाभर भेटत नाय." मी तिला बारावा फायदा ऐकवला. आज आठवलं की कान गरम होतात.

पौषातल्या एका सकाळी मी टाकीवर पोचलो तेव्हा पास्कूकाका आणि पत्रक वाचून यायला लागलेले शेजारचे दोघं अंग चोळत उभे होते. अण्णा नव्हते. गेले आठ-दहा दिवस ते "तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो" म्हणत होते. गोठ्यामागून धूर येत होता. मी तिकडे गेलो. धाकू उकिडवा बसून आमच्या जुन्या तांब्याच्या बंबात नारळाच्या सोडणाची किशी सारत होता. आईच्या वेळचा बंब, मला वाटलं होतं तो मोडीत गेला. समोर पाटावर अण्णा, पंचा गुंडाळून, वाफाळत्या बादलीत हात बुडवून बसले होते. नुसते बसले होते. पाण्यातून हात काढवत नव्हता त्यांना.

"अण्णा!"

ते दचकले. धाकू उठून उभा राहिला. "विनूभाऊ, आरडू नका. मीच बोललो त्यांना, गरम पानी घ्या म्हून."

"का?"

धाकूने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. ती मान मी पाहिली. तिचा अर्थ लावायला मी थांबलो नाही.

"आसंच," धाकू म्हणाला. "थंडी हाय."

"थंडी सगळ्यांना आहे. मी गावभर सांगत फिरतोय बंब विझवा, आणि माझ्याच गोठ्यामागे बंब? बारावा फायदा काय आहे अण्णा? म्हणा की. रोज म्हणता ना?"

माझा आवाज वाडीभर गेला असणार, कारण टाकीवरचे तिघेही येऊन उभे राहिले. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, गरम बादली तशीच ठेवून टाकीकडे चालू लागले. आम्ही सगळे मागून. त्यांनी तांब्या बुडवला. मी मोजू लागलो. हो, मी. मोठ्याने. फायद्यांसकट.

सातव्याला त्यांचा डावा हात टाकीच्या काठावर गेला आणि तिथेच राहिला. पास्कूकाका म्हणाले, "पुरे कर विनू. माणूस आहे की पितळेचा हंडा?" मी थांबलो नाही. अण्णाही थांबले नाहीत. ओठ काळेनिळे पडले होते. बारा झाले. त्यांनी तेरावा भरला, सवयीने, आणि माझ्याकडे वळले.

मी कोरडा उभा होतो, सदरा घालून, जिंकलेला.

त्यांनी तो तांब्या क्षणभर तसाच धरला. मग वाकून जवळच्या केळीच्या बुंध्याशी ओतला आणि पंचा उचलून घराकडे गेले.

नाताळच्या रात्री लावलेला कागदी तारा पास्कूकाकांच्या दारात अजून लोंबत होता. त्या दिवसापासून ते आमच्याकडे आंघोळीला यायचे थांबले. भांडण नाही, अबोला नाही. त्यांच्या विहिरीवर बादली आपटल्याचा आवाज यायचा. शेजारचे दोघंही हळूहळू यायचे बंद झाले. अण्णा सगळ्यांच्या आधी, अंधार असतानाच आंघोळ उरकू लागले, टाकीच्याच पाण्याने. बंब पुन्हा पेटला नाही. मी उठायचो तेव्हा टाकीजवळची फरशी ओली असायची आणि अण्णा ओसरीवर शाल लपेटून बसलेले असायचे. मग मी एकटा बारा तांबे घ्यायचो. फायदे मनात म्हणायचो. कुणी ऐकायला नसलं की फायदे फार लवकर संपतात.

मी आजही सांगतो, ते फायदे खोटे नाहीत. मी पंधरा वर्षांचा असल्यापासून क्वचितच सर्दीने आडवा पडलो. सकाळच्या त्या पहिल्या तांब्याने जी जाग येते ती चहाने येत नाही. श्वास एकदम खोल जातो, मग अंगातून आतली ऊब निघते आणि तास-दीड तास पुरते. मन खिन्न असलं तर ते घटकाभर गप्प बसतं. एकट्या माणसाला हा शेवटचा फायदा फार मोठा आहे, आणि तो पुस्तिकेत नाही. थंड पाण्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या मोठ्या टायपाशी आहे.

माघ संपता संपता एका सकाळी अण्णा टाकीजवळ बसून राहिलेले धाकूला दिसले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. मग विचारलं, "छातीत कळ येते हे किती दिवस?"

"दिवाळीपासून," अण्णा म्हणाले.

"थंड पाण्याने आंघोळ?"

अण्णांनी मान डोलावली.

"धडधाकट माणसाने घ्यावी, मी स्वतः घेतो. पण अशा छातीवर एकदम गार पाणी म्हणजे आतल्या नळ्या आवळून धरणं. घरी कुणाला माहीत होतं की दुखतंय?"

मी तिथे उभा होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"धाकूला," ते म्हणाले.

या एका नावाने मला जे झालं ते टाकीच्या पाण्याने कधी झालं नव्हतं. दुखणं सांगायला त्यांना घरात मी होतो. त्यांच्या पत्रकांवर वाढवलेला, त्यांचे बारा फायदे तोंडपाठ असलेला मी. आणि सांगितलं त्यांनी धाकूला, कारण धाकूला वाचता येत नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर मी बंब पेटवायला शिकलो. किशी आधी, मग झावळीचे तुकडे, मग लाकूड. बादलीत कोपर बुडवून पाणी बघायचो. तोवर चैत्र लागला होता. मग वैशाख. वाडीत उकाडा इतका की पानवेली दुपारी माना टाकायच्या, आणि मी बापाला कोमट पाण्याने आंघोळ घालत होतो, ज्या दिवसांत कोमट पाण्याची कुणालाच गरज नसते. धाकू लांबून बघायचा. एकदा म्हणाला, "आता कशाला तापवता? आता इहिरीचं पानी चालल." मी तापवतच राहिलो. मला चुकलो म्हणता येत नव्हतं, पाणी तापवता येत होतं.

अण्णा पाटावर पाठमोरे बसायचे. पाठ उतरली होती, मणके मोजता यायचे. मी तांब्या ओतायचो, ते डोळे मिटायचे. एके दिवशी मी बादली संपवून उठणार, तेवढ्यात ते हळूच म्हणाले,

"बारा झाले."

"हो."

"मग तेरावा?"

मी तळाशी उरलेलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्यांच्या पाठीवर ओतलं. अंगठ्याने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी चोळलं. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण मी पत्रकं लिहिणारा माणूस, मला मोठ्या टायपाशिवाय बोलता येत नव्हतं. श्रावणात अण्णा गेले. पुढची थंडी त्यांना मिळाली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी ट्रंक उघडली. सगळ्यांत वर माझ्या गुलाबी पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. मला वाटलं, रद्दी म्हणून ठेवला असेल. सुतळी सोडली. पहिल्या प्रतीच्या खालच्या काठावर, जिथे जागा जेमतेम अर्धा बोट होती, अण्णांच्या बारीक अक्षरात शाईने लिहिलं होतं:

"छातीचे दुखणे, दमा किंवा उतारवय असल्यास पाणी कोमट घ्यावे. त्यात कमीपणा नाही."

तीच ओळ. मी उडवायला सांगितलेली. मी दुसरी प्रत पाहिली. तिच्यावरही. तिसरी, चौथी, दहावी. दुपारी मी कॉलेजात असताना ओसरीवर बसून, शाल लपेटून, ते लिहीत असणार. छातीतली कळ सोसत, रोज पहाटे माझ्या समाधानासाठी गार पाणी अंगावर घेत, आणि दुपारी माझी चूक एकेका कागदावर दुरुस्त करत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझं पत्रक फाडलं नाही, मथळा खोडला नाही. बाराही फायदे जसेच्या तसे राहू दिले. फक्त खाली, उरलेल्या जागेत.

साठेक प्रतींवर अक्षर सरळ होतं. मग ते उजवीकडे उतरू लागलं. मग एका प्रतीवर "त्यात" इथपर्यंतच होतं. त्याखालच्या प्रती कोऱ्या होत्या.

वाडी आता चुलते बघतात. रहाटाची लाकडं कुंपणाला लागली. धाकू चांदीपला परत गेला, पास्कूकाका भेटले की माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि विषय बदलतात. मी नोकरी धरली, ही खोली घेतली, ट्रंक इथे आणली. त्या कोऱ्या प्रती मी दर थंडीत थोड्या थोड्या लिहून पुऱ्या केल्या. "त्यात" वर थांबलेली तेवढी एक तशीच ठेवली आहे. ती पुरी करायचा अधिकार मला नाही.

पण वाटलेल्या चारशेंचं काय? त्या बाहेर आहेत. कुणाच्या फडताळात, देवाच्या तसबिरीमागे, पीठ चाळायच्या चाळणीखाली. गुलाबी कागद, मोठा मथळा, खाली काही नाही. कुणी एखादा एकोणीस वर्षांचा तो घरात मोठ्याने वाचत असेल आणि गोठ्यामागे कुणीतरी बादलीतला हात पटकन काढून घेत असेल.

म्हणून वसईपासून विरारपर्यंत, आणि पलीकडे जूचंद्रपर्यंत, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मागतो. ते पत्रक तुमच्या घरी असेल तर टाकू नका. पेन घ्या आणि खालच्या काठावर ती ओळ लिहा, दोन्ही वाक्यं, दुसरं विसरू नका. पत्रक नसेल तर उद्या पहाटे तुमच्या म्हाताऱ्या माणसाआधी उठा. पाणी तापवा, कोपर बुडवून बघा, बादली त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी नको म्हटलं तर वाद घालू नका, तिथेच थांबा. आणि ते पाठमोरे बसले की शेवटचा तांब्या तुम्ही ओता.